खालच्या दोन खणांचा वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कॉमिक्सच्या मूळ चित्रांची खरेदी-विक्री, आज माझ्या राहत्या घरी, कोणाची फूस, धाक वा दडपण नसताना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या खुर्चीमागे टांगलेले चित्र छापील आहे हेही सांगितले. त्यांनी ते मूळ म्हणून विकत घेतले होते. चेहरा पडला बिचाऱ्यांचा, पण दाखला दिला.

बरे होण्याची आशा त्यांनी दाखवली नाही आणि मीही मागितली नाही.

मागच्या वर्षी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. ते का रद्द केले, हे पाचव्या कलमात येईल. वकीलसाहेबांच्या मते कारण लिहिण्याची गरज नसते. त्यांना नसेल, मला आहे.

कलम १. राहते घर, त्यातल्या सामानासह, आणि दवाखान्याचे बिल भागल्यावर बँकेत जे काही उरेल ते, माझ्या मुलाला मिळावे. तो घर विकेल हे मला माहीत आहे. खुशाल विकावे. फक्त गिऱ्हाइकाला मागची खोली दाखवताना ‘ही जरा अंधारी आहे’ म्हणून भाव पाडून घेऊ नये. ती खोली अंधारी नाही, ती मी अंधारी केली आहे. उजेडाने कागद पिवळा पडतो आणि शाई उडते, म्हणून खिडकीला काळे जाड कापड ठोकले आहे. कापड काढले की खोलीत दिवसभर चांगला उजेड असतो, असे आठवते.

कलम २. कॉमिक्स काढणाऱ्या माझ्या दिवंगत पतीचा तिरपा फळा, टाक, कुंचले आणि पांढऱ्या रंगाची सुकलेली बाटली मी चित्रशाळेला देऊ केली होती. तिथल्या बाईंनी फार गोड बोलून नकार दिला. मुले आता काचेवर काढतात म्हणे. तेव्हा ज्याला हवे त्याने न्यावे, कोणालाच नको असेल तर भंगारवाल्याला द्यावे. माझे भिंग मात्र माझ्याबरोबर जाऊ द्यावे. त्याचा उपयोग नाही हे मला कळते. सवय आहे, इतकेच.

कलम ३. मागच्या खोलीत सपाट खणांचे लोखंडी कपाट आहे. त्याचे वरचे चार खण गिधाडाला मिळावेत. गिधाड म्हणजे माझा या धंद्यातला प्रतिस्पर्धी. कोणी चित्रकार आजारी पडल्याची बातमी आली की डॉक्टरच्याही आधी हा त्याच्या दारात हजर असतो, म्हणून बाजाराने त्याला हे नाव दिले आणि त्याने ते आनंदाने घेतले. उभा जन्म आम्ही एकमेकांच्या तोंडचा घास पळवला. पण एखादे पान कोणी काढले आणि कोणी नक्कल मारली, हे ओळखणारी नजर आता त्याच्याखेरीज कोणाकडे उरलेली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. कॉमिक्सचे पान छापण्याआधी ते कोणीतरी जाड कागदावर, छापील पानाच्या दीडपट आकारात, हाताने काढलेले असते. त्यावर चुकलेल्या जागी पांढरा रंग असतो, वरून चिकटवलेले संवादाचे फुगे असतात, कडेला चहाचा डाग असतो. छापून झाले की प्रकाशकाच्या लेखी ती रद्दी. आमच्या प्रकाशकाने तर गळक्या छताखाली ती पसरून ठेवली होती, बादल्या वाचाव्यात म्हणून. अशी रद्दी उचलून आम्ही धंदा उभा केला. ज्यांनी लहानपणी ती पुस्तके पांघरुणात लपून वाचली, ते मोठे होऊन कमावते झाले आणि त्यांनी ती पाने हौसेने घेतली. आता तेही म्हातारे झाले. माझे गिऱ्हाईक हल्ली मला दवाखान्याच्या रांगेत भेटते. ते गेले की त्यांची मुले तीच पाने विकायला माझ्याकडे आणतात आणि विकत घ्यायला कोणी नसते. गिधाड परवाच म्हणाला, “वहिनी, आपण दोघं गेलो की हा धंदा संपला. दुकानाला कुलूप घालायलासुद्धा माणूस नाही.” तरी चार खण घ्यायला तयार झाला. जित्याची खोड त्याची!

कलम ४. आता खालचे दोन खण. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्हाला पहिली मुलगी झाली. उभी राहायला लागल्यापासून ती जागच्या जागी गरगर फिरायची आणि धपकन बसून हसायची, म्हणून घरात तिचे नाव गिरकी पडले. माझ्या पतींनी तिच्यावरून एक चित्रकथा सुरू केली. छपरांवरून धावणारी, चोरांना चकवणारी, दोन वेण्या आणि झालरीचा फ्रॉक घातलेली मुलगी, नाव गिरकी. पोरांनी ती डोक्यावर घेतली. आमची गिरकी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. तिच्या पाठचा भाऊ तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता.

पुस्तक बंद होईल असे सर्वांना वाटले. ते बंद झाले नाही. पती फळ्यापाशी बसले आणि त्यांनी तिला वाढवायला सुरुवात केली. पुस्तकातली वर्षे संथ चालतात, पण चालतात. गिरकी दहाची झाली, बाराची झाली, उंच झाली, अंगकाठी बदलली, हसताना तोंडावर हात धरू लागली. माझी मुलगी फक्त त्या पानांवर मोठी झाली आहे, दुसरीकडे कुठेही नाही. पती गेले, प्रकाशकाने दुकान गुंडाळले आणि ती पाने चहूकडे उधळली गेली. ती परत मिळवण्यासाठी मी या धंद्यात पडले. इतरांची चित्रे विकली ती तिची घेता यावीत म्हणून. बाजाराला मारामारीची पाने हवी असतात. मला ती नको होती. गिरकी केस पुसते आहे, गिरकी खिडकीत बसून पेरू खाते आहे, अशा पानांसाठी मी लोकांचे उंबरठे झिजवले. गिधाडाच्या ते लक्षात आले तेव्हा त्याने पेरूच्या पानाचा भाव असा काही चढवला की मी वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हते.

मुलाचे म्हणणे वेगळे होते. कॉलेजात असताना एकदा जेवता जेवता म्हणाला, “गेलेल्या ताईला तुम्ही दोघांनी मोठं केलं. मी आपला आपण झालो.” मी म्हटले, “तोंड सांभाळून बोल.” त्याने सांभाळले. त्यानंतर खणांविषयी तो चकार शब्द बोलला नाही. मागच्या मृत्युपत्रात मी जे वाक्य घातले ते यातूनच आले: ‘खालच्या दोन खणांतील चित्रांशी माझ्या मुलाचा काही संबंध नाही.’ वकिलांनी ते त्याला वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, बरोबर आहे.

कलम ५. गिरकी गेल्यापासून पतींचा हात थरथरू लागला होता. टाक धरवेना, म्हणून ते शाळेतली मुले वापरतात तसल्या स्केचपेनने शाई भरू लागले. तसल्या पेनाची शाई टिकत नाही. काळ्याची जांभळी होते, जांभळ्याची तपकिरी, मग कागद कोरा. उजेडात भराभर जाते, म्हणून मी खण उघडायचेच बंद केले. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे, जे फार जपायचे त्याच्याकडे बघायचे नाही. मागच्या वर्षी मृत्युपत्रासाठी खण उघडले तर मोठी झालेली गिरकी निम्मी उडालेली होती. ती शाई अंधारातही उडते, हळूहळू. 

चित्रे दुरुस्त करणारी एक बाई आहे. तिने पाने पाहून मोकळेपणाने सांगितले की शाई वाचवण्याचा उपाय नाही. पण उडालेल्या रेघांवर हुबेहूब नवी, पक्की शाई चढवता येईल. नमुन्याला तिने एक पान करून आणले. वेण्या, झालर, डोळ्यांतली चमक, सगळे परत आले होते. मी त्या परक्या बाईच्या गळ्यात पडून रडले. मागच्या मृत्युपत्रात बँकेतली सारी शिल्लक मी या कामासाठी ठेवली होती.

गेल्या महिन्यात उरलेली पाने तिच्याकडे पाठवायची ठरली. माझ्याने उचलवत नाही, म्हणून मुलाला बोलावले. तो पानांमध्ये पातळ कागद घालून गठ्ठे बांधत होता. बांधता बांधता थांबला.

“आई, हा मी आहे.”

“काहीतरीच काय? गिरकी आहे ती.”

“वरची गिरकी आहे. खालचा मी आहे. कान बघ.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चित्रकार कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करतात. छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही, म्हणून ते खोडायचे कष्ट कोणी घेत नाही. वरची काळी शाई तेवढी छापून येते. मी भिंग घेतले. वेण्यांच्या फिकट तपकिरी खुणांखाली आखूड केस होते. झालरीखाली शाळेच्या सदऱ्याची कॉलर होती. आणि माझ्या मुलाचे ते बाहेर आलेले कान, ज्यांवरून मी त्याला सुपकान्या म्हणून चिडवायचे, प्रत्येक पानावर निळ्या पेन्सिलीत होते.

“शाळेतून आलो की बाबा स्टुलावर बसवायचे,” तो म्हणाला. “मान वळव, हनुवटी वर कर, हास. बाहेर पोरं खेळायला हाका मारायची. उठलो की म्हणायचे, आईला बोलू नकोस हं. तिला त्यात ताई दिसते, दिसू दे तिला.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“मला वाटायचं, तुला कळलंय. नुसत्या रेघेवरून तू माणूस ओळखतेस, असं सगळा बाजार म्हणतो.”

 तो तोंडावर हात धरून हसला, त्या पानांतल्या गिरकीसारखाच, आणि डोळे पुसून पुन्हा गठ्ठे बांधू लागला. सगळे नीट बांधून झाल्यावर त्याने विचारले, “कुठे पोचवायचे?” मी म्हटले, “राहू दे इथेच.” तो म्हणाला, “तुझी इच्छा,” आणि गेला. त्यानंतर आलेला नाही. फोन केला की कामात आहे म्हणतो. त्याच्या आवाजात राग नसतो. राग असता तर मी समजूत काढली असती. आता काढायला मला दिवस नाहीत आणि त्याला गरज वाटत नाही.

कलम ६. दुरुस्तीवाल्या बाईला मी पुन्हा विचारले. ती म्हणाली की शाई काही वर्षांत पूर्ण जाईल, पण निळी पेन्सिल मेणाची असते, ती राहील. म्हणजे आज माझी दोन्ही मुले एकाच कागदावर आहेत आणि पुढे एकच राहणार. नवी शाई चढवली तर मुलगी राहील आणि मुलगा पुन्हा तिच्याखाली जाईल. मी यावर पुष्कळ विचार केला. तिसरी वाट मला सापडली नाही.

म्हणून मी असे लिहून ठेवते की मागच्या मृत्युपत्रातले ‘काही संबंध नाही’ हे वाक्य मी मागे घेते. खालच्या दोन खणांतील सर्व चित्रे माझ्या मुलाची आहेत. दिली म्हणून त्याची नव्हेत, ती त्याचीच होती. त्याने ती ठेवावीत, जाळावीत, रद्दीत घालावीत, त्याला कोणी जाब विचारू नये. नमुन्याच्या पानाचे आता काही करता येत नाही, त्याबद्दल त्याने मला माफ करावे. बाकीच्या एकाही पानावर कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, शाई चढवू नये. गिरकीला जाऊ द्यावे. तिची समजूत, भेट झालीच तर, मी काढीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: गिरकीची आणि तिच्या भावाची आई (सही)

बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार पहिला: दाखला देणारे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरच्या दुकानातले फ्रेमवाले (सही)

गिधाड साक्षीला येऊन बसला होता, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्याला चहा देऊन परत पाठवले. मुलाला याच कारणाने बोलावले नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली, खिडकीचे कापड काढून
दिनांक: ९ फेब्रुवारी