दुपट्यावरचे काळे कण

वरवट बकाल
मंगळवार, फेब्रुवारी १९६३, दिवेलागण

आज खोटं बोलले. तेही उगीच, भिडेपोटी.

शेजारच्या हमीदाभाभींकडे पिठाच्या गिरणीचं ऑइल इंजिन आलं आहे. परवान्यासाठी ग्रामपंचायतीला शेजाऱ्यांची हरकत नसल्याचा कागद लागतो, आणि धुराची नळी शेजारच्या छपराहून उंच हवी. सकाळी त्यांनी इंजिन चालवून पाहिलं. दुपारी मी दोरीवरची बाळाची दुपटी काढली, तर एकावर काळे कण. लेक माझ्याकडे बाळंत होऊन बाराच दिवस झालेत.

तेवढ्यात भाभी कागद घेऊन आल्या. दुपट्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "हे आमच्या इंजनाचं तं नाही ना, बाई?"

"नाही वो भाभी, आमच्या चुलीचं असन."

आणि सही केली. चूल तर घराच्या पार दुसऱ्या अंगाला. का बोलले असं? लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा सुइणीला बोलवायला भाभीच धावल्या होत्या, म्हणून?

जाताना त्या म्हणाल्या, "मंग चूल दूर मांडा. लेकराची छाती नाजूक असते."

आत्ता बाळ शिंकलं. दोनदा. मी लिहिता लिहिता थांबून ऐकते आहे.

नळी दोन हात वाढवा, एवढंच तर म्हणायचं होतं. कागद सकाळी पंचायतीत जाईल, त्याआधी मला भाभींकडे जायला हवं. सुरुवात कशी करू?

दुपटं धुतलेलं नाही. घडी करून उशाशी ठेवलं आहे.