निम्मे घर माझे नाही

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा कवळ्या बनवणे, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शरीराचे तसे सांगता येत नाही. फुफ्फुसांत धंद्याची धूळ बसली आहे आणि ती आता निघायची नाही, असे डॉक्टर म्हणतात. अशा कागदात ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असे लिहायची पद्धत असते. माझ्यावर दडपण आहे, आणि ते हा कागद लिहू नये यासाठी आहे. तेव्हा जे लिहितो ते माझ्या मनाचे समजावे. देवाला स्मरून लिहितो.

उद्या, गुरुवारी अकरा वाजता, मी न्यायालयात नादारीचा अर्ज देणार आहे. जवळ काय आहे त्याची एक यादी, देणे काय आहे त्याची दुसरी, आणि दुसरी पहिलीला गिळून बसली आहे, हे शपथेवर सांगायचे. नादार होणाऱ्या माणसाने मृत्युपत्र करावे याचे आमच्या वकीलबाईंना हसू आले. “काका, देणार काय आणि कुणाला?” त्या म्हणाल्या. मी म्हटले, बाई, द्यायचे थोडेच आहे, परत करायचे जास्त आहे.

न्यायालयाला तीस पायऱ्या आहेत. मी बाराव्या पायरीला थांबतो. वर पोचण्याआधीच दम संपला तर जे तोंडाने सांगायचे ते राहून जाईल. आणि शुक्रवारी पतपेढीचे वसुली अधिकारी माझ्या बहिणीची सही घ्यायला घरी येणार आहेत. ती सही तिने करू नये. एवढे वाचून कोणी हा कागद मिटला तरी माझी हरकत नाही.

१. हे देणे कसे झाले.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ताई, माझी सख्खी मोठी बहीण, शिलाईच्या कारखान्यात कॉलर लावणाऱ्या ओळीत पहिली होती. तिने लग्न केलेले नाही. “एक माणूस घरी पाहिजे,” असे मी म्हणालो आणि म्हणताना ताईकडे पाहिले. पुढच्या एक तारखेला तिने कामावरून नाव काढले. सात वर्षे दर दोन तासांनी तिने आईला कुशीवर वळवले. सात वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर नव्या नर्सबाईंना मुद्दाम घेऊन यायचे आणि ती पाठ दाखवायचे.

तिसऱ्या वर्षापासून आई आम्हाला ओळखेनाशी झाली. मी केलेली कवळी ती भिंतीवर फेकायची. “कुणाचे दात घातलेत माझ्या तोंडात?” असे ओरडायची. मी चार वेळा नवी केली. ताई म्हणायची, “गिऱ्हाईक पक्कं आहे हो तुझं, दातवाल्या. पैसे तेवढे देत नाही.”

औषधे, वरखाली होणारी खाट आणि शेवटी ऑक्सिजन यांच्यासाठी घरावर पतपेढीचे कर्ज घेतले. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मला दम लागू लागला. चौदा महिने मी अंथरुणाला खिळून होतो. हप्ते थांबले. दारू, जुगार, चैन यांत काही गेले नाही. हे सांगून देणे कमी होत नाही, पण लोक विचारतात म्हणून लिहिले.

२. हत्यारे.

पोटापाण्याची हत्यारे न्यायालय सहसा काढून घेत नाही, असे वकीलबाई सांगतात. तसे झाले तर मेणाचे चाकू, साच्याचे सात पितळी डबे, दिवा आणि घासायची मोटर माझ्या पत्नीला द्यावी. मी पडून होतो तेव्हा मेणात दात लावायचे काम तिने केले. पहिले दोन आठवडे मी उशीवरून सूचना देत होतो. मग ती म्हणाली, “अहो, तुम्ही झोपा बघू. तुम्ही बोललात की दात वाकडे बसतात.” तिने लावलेले पुढचे सहा दात माझ्यापेक्षा सरस असतात, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. येथे लिहितो.

अट एकच. तोंडाला जाड मास्क बांधल्याशिवाय मोटर लावू नये. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही म्हणून मी सव्वीस वर्षे बांधला नाही.

तिच्या चार बांगड्या माझ्या आजारपणात गेल्या. देण्याच्या यादीत सर्वांत वर तिचे नाव घाला, असे मी म्हटले, तर वकीलबाई म्हणाल्या की बायकोचे देणे असे लिहिता येत नाही. या कागदात लिहिता येते. चार बांगड्या, तिच्या आईने घातलेल्या. मी देणे लागतो.

३. मोठे डॉक्टर.

बाजारपेठेतल्या मोठ्या दातांच्या डॉक्टरांनी पंधरा वर्षे मला काम दिले, त्याबद्दल आभार. कवळी बसली नाही की ते पेशंटसमोर म्हणायचे, “आमचा कारागीर जरा घाईचा आहे,” आणि त्या कवळीचे पैसे कापून घ्यायचे. त्यांचे नऊ साचे फळीवर सर्वांत वर ठेवले आहेत. त्यांनी घेतलेल्या मापांवरून ओतलेले आहेत, जसेच्या तसे. हिरडीची कड मापातच फाटलेली आहे, हे लहान मुलालाही दिसेल. ते नऊही त्यांना पोचवावेत. सोबत चिठ्ठी नको. माझा राग एवढाच होता, तो येथे संपला.

४. घर.

घर वडिलांचे. ते गेले त्याला तेरा वर्षे झाली. तेरावा महिना लागला तेव्हा आई आणि ताई यांनी स्वयंपाकघरात बसून हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. म्हणजे आपापला हिस्सा मला सोडून दिला. मी मागितला नव्हता, पण नकोही म्हणालो नाही. ताई म्हणाली, “मला कुठं जायचंय? तू आहेस ना.”

असा कागद सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो. सोमवारी जायचे ठरले. त्या सकाळी एक मास्तर हातात रुमाल धरून दारात उभे राहिले. निवृत्तीच्या समारंभात त्यांचे भाषण होते आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे झाले होते. मी कचेरी सोडून कवळी जोडली. मग पुढचा सोमवार, मग त्याच्या पुढचा, आणि मग आईला झटका आला. भावा-बहिणीत कसली नोंदणी, असे म्हणून तो कागद मेणाच्या पट्ट्यांखाली खणात ठेवला.

आमच्या धंद्यात दात आधी मेणात लावतात, पेशंटच्या तोंडात बसवून बघतात आणि मगच पक्के करतात. मेणातली कवळी कोणी गिऱ्हाइकाला घरी देत नाही. दिसते अगदी खऱ्यासारखी, पण पहिल्या घासाला दात निखळतात. हे मी शिकाऊ असताना पहिल्या दिवशी शिकलो. तरी तो कागद मी मेणातच ठेवून बारा वर्षे वापरला.

आता जे सांगतो ते कोणाला माहीत नाही. कर्जाच्या अर्जात एक रकाना होता : ‘हक्कसोडपत्र नोंदवले आहे काय?’ मी ‘होय’ लिहिले. घरपट्टी माझ्या नावावर होती, तिची पावती जोडली. आईची खाट दुकानात बांधून तयार होती आणि मला पैसे त्याच दिवशी हवे होते. पण हात माझा होता आणि अक्षरही माझेच होते. गावच्या शाळेत गुरुजींनी ते घोटून घेतले होते, ते खोटे लिहिण्यासाठी नव्हे.

तीन आठवड्यांपूर्वी वकीलबाईंनी तो कागद हातात घेतला, उलटा करून मागे शिक्का शोधला आणि चष्मा काढला. “काका, नोंदणी नाही, म्हणजे ताईंनी काही सोडलेलंच नाही. आईंचाही भाग तुम्हा दोघांत आला. निम्मं घर ताईंचं आहे.”

तेव्हा मी जाहीर करतो की या घराचा निम्मा भाग माझ्या बहिणीचा आहे आणि तो माझ्या कर्जात धरता येत नाही. तो मी तिला या मृत्युपत्राने देत नाही. तो तिचाच होता. माझ्या निम्म्याचे न्यायालय करील ते करो. काही उरले तर ते पत्नीचे.

५. शुक्रवारची सही.

पतपेढीलाही हे आता कळले आहे. त्यांनी माझ्या मेहुण्यांमार्फत, म्हणजे पत्नीच्या भावामार्फत, निरोप धाडला : ताईने नवे हक्कसोडपत्र करून नोंदवून द्यावे, म्हणजे सगळे घर विकता येईल, व्याज सोडू, आणि खोट्या ‘होय’बद्दल पोलिसांत तक्रार करणार नाही. नाहीतर करू. तयार मसुदाही पाठवला.

मेहुणे वाईट माणूस नाहीत. बहिणीच्या काळजीने ते धावतात. सोमवारी ते ताईशी बोलत होते आणि मी आतल्या खोलीत पडून ऐकत होतो.

“ताई, जुनीच सही परत करायची. वेगळं काही नाही. भाऊजींची अब्रू वाचते.”

“आणा की मग. कुठं करायची?”

“आत्ता नाही. शुक्रवारी साहेब येतील, मग कचेरीत जायचं.”

“साहेब येणार? चहात साखर किती घेतात ते विचारून ठेवा. आमच्याकडे संपत आलीये.”

आपण काय देणार आहोत हे तिला ठाऊक नव्हते. मला होते, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तीन आठवडे गप्प होतो. त्यातले पहिले दोन मी देवापुढेही विषय काढला नाही. दिवा लावायचो आणि लगबगीने उठायचो. हे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट काम आहे. त्या ‘होय’पेक्षाही वाईट, कारण तेव्हा निदान आईची खाट डोळ्यांपुढे होती.

उद्याच्या अर्जात मी खोट्या ‘होय’ची कबुली स्वतः लिहिली आहे. तक्रार व्हायची ती होईल. ताईने सही करून मला वाचवू नये. आजवर तिने मला फार वाचवले आहे.

६. मी गेल्यावर.

अंत्यकार्य साधे करावे. उधारीवर काहीही आणू नये, फुलेसुद्धा नाहीत. कोणी आणलीच तर परत पाठवू नयेत, त्याला वाईट वाटेल.

७. पुरवणी, आज बुधवार, दुपारी चारनंतर लिहिलेली.

वरचे सर्व मी आत्ता घरात मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये तीनदा थांबावे लागले. पत्नी खिडकीपाशी पाठमोरी बसून मेणात दात लावत होती. मेहुणे दारात उभे होते, त्यांच्यामागे समोरचा कुलूपवाला. ताई तांदूळ निवडत होती.

वाचून झाल्यावर ताई म्हणाली, “ते चौथं परत वाच.”

परत वाचले.

“म्हणजे बारा वर्षं मी माझ्याच घरात विचारून पंखा लावत होते?”

मी हो म्हणालो.

“आणि सही केली नाही तर तुला आत घालतील?”

“घालतीलही.”

“खोकत खोकत जाणार तू आत.”

“जाईन.”

तिने ताट बाजूला सारले. “भाऊ, तो त्यांचा कागद द्या इकडे,” ती मेहुण्यांना म्हणाली. त्यांनी झटकन खिशातून मसुदा काढला आणि वर पेनही दिले. ताईला हे घर नको आहे, तिला भाऊ हवा आहे, हे मला कळत होते. आणि त्याच जोरावर मी बारा वर्षे जगलो, हेही.

तेव्हा पत्नी मागे न वळता म्हणाली, “ताई, नका करू.”

“अगं, तुझ्याच नवऱ्यासाठी करतेय.”

“माहितीये. ह्यांना दम लागला की उचलून बसवायला दोघी लागतो. घर गेल्यावर तुम्ही कुठं असाल, मी कुठं असेन? एकटीनं कशी उचलू?”

“तायडे, तू मध्ये बोलू नकोस,” मेहुणे आपल्या बहिणीला म्हणाले.

“मध्ये मीच आहे, दादा. दोन्हीकडून.”

ताईने मसुदा वाचला, बोट ठेवून, ओळ न ओळ. कारखान्यात कॉलर तपासायची तशी. मग घडी घालून मेहुण्यांच्या हातात परत दिला.

“साहेबांना सांगा, चहा आहे, सही नाही.” मग माझ्याकडे वळून, “आत गेलास तर डबा मीच आणणार ना? त्याला चूल लागते. आणि ऐक, ही पुढची खोली माझी. खिडकीची. तुमची मोटर मागच्या ओट्यावर न्या, तिथं वारा आहे. मला आता उजेडात बसायचंय.”

बारा वर्षांत तिने या घरात स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवत नाही. ही खोली मी दिलेली नाही, तिने घेतली आहे, अशी नोंद असावी. मोटर आत्ता संध्याकाळी हलवत आहोत.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली.
दिनांक : बारा मार्च, बुधवार.

लिहून ठेवणार : कवळ्या बनवणारा (सही)

साक्षीदार : १. समोरचा कुलूपवाला, याने सर्व ऐकले आणि एकदा डोळे पुसले (सही). २. औषधाच्या दुकानातील कंपाउंडर (सही). मेहुण्यांना विचारले होते. ते म्हणाले, “आज नको,” आणि मोटर उचलायला गेले.

ज्याला कागदाचा लाभ त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून ताईची सही येथेही नाही.