उरलेल्या त्वचेचा साबण

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का, ते कळवा. माझा खोकला ठीक आहे, म्हणजे आहे. छापखाना नीट चालू ठेवा. तो बंद पडला तर माझंही आटोपलं.

नाक्यावरच्या दुकानात आपल्या साबणाची पिवळी वडी समोरच्या फळीवर असायची. मागे एकदा जाऊन बघतो तर फळीभर बड्या कंपनीचा माल. चेहऱ्याचा साबण वेगळा, हातांचा वेगळा, सकाळचा, संध्याकाळचा, बाळाचा, बाळाच्या आईचा. (बाळाच्या बापाने काय करावं, ते कुठे लिहिलं नव्हतं.) मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढे प्रकार माणसाला सुचतात तरी कसे? आपली वडी खाली, झाडूंच्या मागे. दुकानदार म्हणाला, "काका, त्यांचे डझनभर प्रकार, तुमचा एक. एकाला फळी कशी देऊ? तीन तरी आणा, नाहीतर ही वडी घरी न्या."

घरी कढई एक, कृती एक. म्हणून तर तुमच्याकडून तीन रंगांचे कागद छापून घेतले. एकावर ‘कोमल त्वचेसाठी’. दुसऱ्यावर त्याच्या उलट हवं, म्हणून ‘कठीण त्वचेसाठी’. (तुम्ही हसला असाल, पण छापलंत.) पुढे काही सुचेना, म्हणून ‘उरलेल्या त्वचेसाठी’. आत तीच पिवळी वडी.

वाटलं, लोक जोड्याने मारतील. पण बायका ‘कठीण’ नवऱ्यासाठी नेतात, सासूसाठीही नेतात (तिला कागद काढून देतात म्हणे). म्हातारी मंडळी न विचारता ‘उरलेली’ उचलतात. एक बाई सांगत आली, ‘कोमल’ने हात फुटले, ‘कठीण’ने बरे झाले. मी पाहिले, खरंच बरे झाले होते. कंपनीचा माणूस तिन्ही वड्या बराच वेळ हुंगत होता. जाताना आदराने म्हणाला, "फरक फार बारीक ठेवलाय हो तुम्ही." अर्धी फळी मिळाली, पण समोरची.

आपला,
साबणवाला साडू

ता. क. कंपनीने आणखी चार प्रकार आणलेत. दुकानदार आता माझ्याकडे चौथा मागतोय. कुठली त्वचा राहिली असेल, विचार करा.

आणखी ता. क. घाई वेगळ्याच कारणाने आहे. परवा हिने आंघोळीला वडी मागितली, मी हाताला लागली ती ‘उरलेली’ दिली. "म्हणजे मी उरलेली का?" अहो, कढई तूच ढवळतेस, म्हटलं. तर म्हणे, "कढईचं मला सांगू नका, कागद वाचता येतो मला." तेव्हापासून अबोला आहे. चौथा कागद आधी एकच छापा. मजकूर तुमच्या हिला विचारून घाला. सख्ख्या बहिणीला काय पटेल, ते तिलाच ठाऊक.