स्पड नावाचा साप

२९ जुलै २०१८, ॲडम्सटाउन

रेवतीला साप चावला.

लिहून बघितलं, म्हणजे किती साधं होतं ते दिसेल. उंदीर खायला घालून तिने हात न धुताच आपल्या पाळलेल्या स्पडला उचललं. अंगठ्याला उंदराचा वास — त्याने धरला. दोन थेंब रक्त. नळाखाली हात, डेटॉल, झालं. स्पड किंगस्नेक जातीचा, त्याला विष नसतं. उलट हा विषारी सापांनाच गिळतो. सगळं वाचलंय मी, तीन-तीनदा. मांजराने याहून जास्त ओरबाडलं असतं.

तरी दिवसभर लेकीचा अंगठा बघत राहिले. निळा पडतोय का?

दिलीपचा पडला होता. तो सहा वर्षांचा, मी नऊची. गोठ्यामागे चावला त्याला. सगळे म्हणाले, बिनविषारीच असेल, काही होत नाही. संध्याकाळपर्यंत माझा भाऊ गेला.

"बिनविषारी" हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?

३ ऑगस्ट

आई गावाहून आली. फोनवर मी तिला सांगून ठेवलं होतं, रेवतीने कासव पाळलंय. चाळिशी उलटली तरी आईशी खोटं बोलते मी!

रेवतीच्या खोलीत काचेच्या पेटीपुढे आई बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "कासव लांबलचक आहे गं तुझं."

हसले. ती हसली नाही.

८ ऑगस्ट

यंदा इथेही पाऊस नाही, हिरवळ पार पिवळी पडलीय. आई बाहेर फारशी येत नाही. दुपारभर रेवतीच्या खोलीत. ही इंग्लिशमध्ये, ती मराठीत, काय बोलतात कोण जाणे. मी आत गेले की दोघी गप्प.

शाळा बदलल्यापासून रेवती माझ्याशी चार शब्द बोलत नाही. सापाशी बोलते.

१० ऑगस्ट

मीच उगाच विषय काढला — आई, भीती वाटते का? म्हणाली, कशाची, आणि शेंगा सोलत बसली.

१४ ऑगस्ट

आई जेवली नाही. सकाळी नुसता चहा, दुपारी ताट तसंच. विचारलं तर "इच्छा नाही". थोड्या वेळाने बघते तर स्पडपुढे बसलेली, डोळे पुसत.

मला राहवलं नाही. पस्तीस वर्षांनी आईला तेच दाखवत होते मी, तेही स्वतःच्या घरात. किलकेनीच्या डेक्लनला फोन केला. त्याच्याकडे अकरा साप आहेत, नीट सांभाळतो. संध्याकाळीच स्पडला न्यायला आला.

रेवतीला सांगितलं, आजीसाठी. भांडेल असं वाटलं होतं. तिने उशीचा अभ्रा काढला, स्पडला हळूच त्यात सोडलं, वर गाठ मारली. "इट्स ग्रँड, मम्." ठीक आहे म्हणे. दार लावून घेतलं.

आई देवापाशी होती. तिला काही कळलं नाही. बरंच झालं.

खरं लिहू? गाडी वळली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आईच्या नाही, माझ्या.

१५ ऑगस्ट, सकाळ

आई हळदकुंकवाची वाटी घेऊन रिकाम्या पेटीपुढे उभी. म्हणाली, कुठे गेला?

तुझ्यासाठीच दिला, म्हटलं. काल तू जेवली नाहीस.

"काल नागचतुर्थी, भावाचा उपवास होता गं. दिलीप गेला त्या वर्षापासून तू सोडलास. तुझ्या वाटचा मी धरते."

रेवती अजून उठलेली नाही. डेक्लनला फोन लावते.