अपेक्षांचा रकाना

प्रिय प्रणय,

तू मोठा हुशार. वेरूळच्या पार्किंगमध्ये तो इंग्रजी शब्द माझ्या हातात ठेवलास, "आत्या, आबांना तूच सांग, तुझ्याकडं शब्द आहेत" म्हणालास आणि पुण्याची गाडी पकडलीस. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवल्याची ही शिक्षा.

शब्द शोधले रे. 'समलिंगी' म्हणावं तर कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं. गल्लीतले शब्द तर शिव्याच. आपल्या कवींनी भुवयांनासुद्धा शंभर उपमा दिल्या, पण मुलाला मुलगा आवडतो हे घरात, चहा पिताना सांगता येईल असा एक शब्द ठेवला नाही. फार चीड आली.

त्यात दादाला, म्हणजे तुझ्या आबांना, घाई. करमाडच्या स्थळाला रविवारी तुझं परिचयपत्र द्यायचं होतं, आणि घराण्यातली सगळी परिचयपत्रं माझ्याच हातची. सावळ्याला निमगोरा आणि आळशाला शांत करण्यात माझी हयात गेली. तुझी उंची, शिक्षण, नोकरी लिहिली आणि 'अपेक्षा' या रकान्याशी पेन अडलं. दादा समोर बशीत चहा ओतत होता. मी म्हटलं, प्रणयच्या चित्ताची ओढ स्त्रीविषयक नाही. तर विचारतो, "कोण्या महाराजाच्या नादी लागलाय?"

मग शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं. "दादा, त्याचा जीव पोरीवर बसत नाय. पोरावर बसतो."

चहा बशीतच राहिला. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. चार दिवस फोन नाही. वहिनी म्हणाली, चितेगावला कामावर जातात, येतात, जेवतात, झोपतात. करमाडला मात्र 'एवढ्यात करायचं नाही' असं कळवून टाकलंय. मी स्वतःवर चिडले; तुझ्यावर जरा जास्तच.

आज सकाळी दादा दारात उभा. आत ये म्हटलं तरी चपला काढेना. खिशातून तोच कागद काढला, घामानं मऊ झालेला. म्हणाला, "तिथं पुण्याला तो एकटाच जेवतो का कोणी हाय सोबत? ईचार त्याला." तूच विचार म्हटलं, तर म्हणाला, "मला नाय येत असलं बोलता."

म्हणून हे पत्र. कागद सोबत जोडलाय; रकाना अजून रिकामा आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात तू लिही, मराठीत, त्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. आता मधे आत्या नको.

थकलेली, तरी तुझीच,
रत्नमाला आत्या