बाबांच्या धनुष्याला हात लावायचा नाही

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
२ एप्रिल १९८१

ती. वर्नाताईस,
एमेटचा सा. न. वि. वि.

कोयोटी लांडगीनं आठ दिवसांत सहा कोकरं नेली हे वाचून घास उतरेना. पण तिला मारायला तुझा नवरा निघालाय हे वाचलं आणि असा हसलो, की तेलविहिरीवरची पोरं विचारायला लागली, लग्नबिग्न ठरलं का म्हणून. अगं, दाजी शाळेत बँड शिकवतात. ओमाहासारख्या शहरात वाढलेत. त्यांनी आजवर मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे झुरळ, आणि तेही तूच मारलं असशील.

मेंढ्या वीत असताना कुरणात बंदूक वाजवायची नाही, बिथरून पिल्लं टाकून पळतात, हा बाबांचा नियम तू पाळतेस ते चांगलंच. पण म्हणून गोठ्यातलं बाबांचं धनुष्य दाजींच्या हाती देऊ नकोस. त्यांचे हात गुडघ्याला लागतात. लाकडी धनुष्य ज्याच्या मापाचं त्यानंच ओढावं. चार बोटं जास्त ओढलं की काडकन मोडतं. बाबांनंतर ते माझं आहे. मी येईपर्यंत त्यावरचं कापडसुद्धा सोडायचं नाही.

लोभ असू दे.
तुझा, एमेट

कॉटनवुड खोरं, वायोमिंग
१४ एप्रिल

चि. एमेट यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र लायलनं, तुझ्या दाजींनीच, जेवताना मोठ्यानं वाचलं. झुरळापाशी सगळ्यात जास्त तोच हसला. ते झुरळ त्यानंच मारलं होतं, असं कळवायला सांगितलंय.

काळजी नको, तो बाबांच्या धनुष्यानं शिकार करणार नाही. ओढ्याकाठचं जुनिपर तोडून स्वतःचं तासतोय. पहिलं मोडलं, ते चुलीत गेलं. दुसरं घेऊन परवा पहाटे बसला. सशाच्या आवाजाची शिट्टी फुंकली, कोयोटी आली, दुरूनच थबकली आणि गेली. कुठं चुकलं ते तुला विचार म्हणाला. आता नऊ कोकरं गेलीत रे. चेष्टा पुरे, काही सुचत असेल तर लिही. जेवतोस ना वेळेवर?

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
तुझी ताई, वर्ना

विलिस्टन
२२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कुठं चुकलं म्हणे! काय चुकलं नाही ते विचार. दाजी साबणानं आंघोळ करून गेले असणार. गुलाबाच्या वासाचा ससा कोयोटीनं जन्मात पाहिला नसेल. आणि बसले असतील झुडपामागे, लपंडाव खेळल्यासारखे. झुडपाला पाठ लावून पुढ्यात बसायचं असतं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. शिट्टी नक्की सुरात वाजवली असणार. मरणारा ससा सुरात रडतो का? आणि नजर समोर, पोस्टमनची वाट बघावी तशी. कोयोटी काय दारानं येते? वळसा घालून, वारा जिकडं जातो तिकडून येते, वास घेत. धनुष्य ओढायचं ते तिचा डोळा झाडाआड गेला की, आधी नाही, नंतर नाही. बँडमास्तरांना एवढा ताल कुठला!

मी आठवीत शाळा सोडली, आणि मी मास्तरांना शिकवायचं. जुनिपरची काठी त्यांना पाठ खाजवायला बरी आहे.

बाबांचं धनुष्य अजून गुंडाळलेलंच आहे ना? ते आधी कळव.

कळावे, लोभ आटू देऊ नये.
एमेट

कॉटनवुड खोरं
९ मे

चि. एमेट यास, अ. उ. आ.

मंगळवारी कोयोटी मेली. बारा पावलांवरून, एका बाणात. तुझी प्रत्येक शिवी लायलनं वहीत उतरवून घेतली होती आणि रोज वाचायचा. साबण बंद केला, कपडे लोकरीच्या ढिगात ठेवले, झुडपाला पाठ लावून बसला. ती डावीकडून वळसा घालून आली, तू लिहिलंस तशीच. तिचा डोळा झाडाआड जाईपर्यंत त्यानं श्वाससुद्धा घेतला नाही म्हणतो. घरी आला तेव्हा फुशारकी एक नाही. एमेटनं मारली, मी फक्त बाण सोडला, एवढंच म्हणाला.

आता दुसरं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याआधीच, घडण बघायला म्हणून त्यानं बाबांच्या धनुष्याचं कापड सोडलं होतं. दोरी चढवलेलीच होती. उतरवली तरी ते विळ्यासारखं वाकलेलंच राहिलं, आणि आतल्या अंगाला केसासारख्या आडव्या चिरा. मग मला आठवलं, मागच्या जुलैभर ते तुझ्या ट्रकच्या मागच्या काचेशी उन्हात पडलेलं असायचं. आणि ऑगस्टात तू निरोप न घेता गेलास.

लायल म्हणाला, लिहू नकोस, त्याचा तो सांगेल. दोन पत्रं वाट पाहिली. तू त्यालाच शिव्या देत राहिलास.

तुझी, वर्ना

विलिस्टन
२० मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चार दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो. हो, मीच. बाबा दोरी उतरवल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत, आणि मी महिनाभर उतरवली नाही. आधी विसरलो, मग बघायची भीती वाटली, तसंच कापडात गुंडाळून ठेवलं. ते आता कुणाच्याच हातात टिकायचं नाही. आहे तिथंच टांग, दोरी उतरवून.

दाजींना सांग, बारा पावलांवरून आंधळाही मारील.

सोबत सुतळीचा तुकडा आहे. एक गाठ डाव्या मुठीशी, दुसरी ओठाच्या कोपऱ्याशी. हे माझ्या ओढीचं माप. जुनिपर उरलं असेल तर या मापाचं एक तासून बघा म्हणावं. एक बोटही चुकता कामा नये, शिकलेला माणूस आहे. मी जूनमध्ये कोकरांच्या शेपट्या कापायच्या कामाला येतो.

लोभ असावा. शिव्याही चालतील.
एमेट