काळ्या चौकटीतले बाबा

मुक्काम सिबू, ऑक्टोबर १९६६

बाबा, तुमच्या गुडघ्यांशी बसून बोलते आहे असं समजा.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? मिरीचे वेल धरले का?

आमच्या पेपरला तीस वर्षं झाली म्हणून काल त्याचा इतिहास छापला. लिहिला मालकांच्या चिरंजीवांनी, धाकट्या लाऊसाहेबांनी. त्यांच्या मते युद्धात जपान्यांपासून लपवायला आपले छापखान्यातले चिनी अक्षरांचे खिळे डुकरांच्या गोठ्यात पुरले ते तुम्ही नव्हे, थोरल्या लाऊंनी. म्हणजे जे पहिल्या विमानाचा आवाज ऐकून बोटीत जाऊन बसले होते, ते. तुम्हाला मात्र शहीद केलंय. फोटोला काळी चौकट आहे.

मी छपाईआधीच म्हटलं होतं, "साहेब, माझे वडील जिवंत आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मिरी पाठवली."

तर म्हणतात कसे, "लिंगबाई, शहीद म्हटलं की मान वाढतो. जिवंत माणूस उगाच चुका काढत बसतो."

यांनी अक्कलही कुठेतरी पुरलीय, आणि जागा विसरलेत.

आज कचेरीच्या दारात तुमच्या नावाने श्रद्धांजलीची पांढरी फुलं येतायत. साहेब त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतायत.

आईला म्हणावं, घाबरू नकोस. अपशकुन उतरायला आपल्या रिवाजाप्रमाणे लाल दारूतल्या शेवया आणि दोन अंडी तुम्हाला खाऊ घालायला तिला सांगा. मग शुक्रवारच्या बोटीने या. छापलेली चूक सुधारायची तर ज्याच्याबद्दल छापलं त्याने स्वतः कचेरीत येऊन सही करायची, हा नियम लाऊंचाच आहे.

दुरुस्तीचे खिळे मी जुळवून ठेवलेत.

तुमची, अजून पोरकी न झालेली,
सिऊ-लान